बेताची आच

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम भागात, बालाघाटच्या डोंगररांगांत, भूम हा तालुका वसलेला आहे. पाऊस बेताचा, जमीन बरीचशी हलकी आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला, असा हा मुलूख. येथे शेतीला जोड म्हणून दुभती जनावरे पाळण्याची चाल जुनी आहे. परंतु दूध हा मोठा नाशवंत पदार्थ. उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी काढलेले दूध तापवून ठेवले नाही, तर ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही. शहर दूर आणि वाट डोंगरातली. मग एवढे दूध न्यावे तरी कोठे? या अडचणीतून येथील लोकांनी जो मार्ग काढला, तो म्हणजे खवा. दुधातील पाणी आटवून टाकले की ओझे हलके होते आणि माल काही दिवस टिकतो. म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. याच तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे पवित्र क्षेत्र आहे. तेथे दर्शनास येणारे यात्रेकरू परतताना पेढे घेऊन जातात आणि त्या पेढ्यांबरोबर येथील खव्याचे नावही दूरवर गेले आहे.

खवा करणे वरवर पाहता अगदी सोपे वाटते. भट्टीवर रुंद तोंडाची लोखंडी कढई ठेवावी, तीत दूध ओतावे, खाली जाळ करावा आणि लांब दांड्याच्या उलथण्याने सारखे ढवळत राहावे. पाणी उडून गेले की खवा तयार. पण हे काम प्रथमच करणाऱ्याच्या हातून बहुधा पहिली कढई बिघडते. आच जास्त झाली, तर दूध बुडाला लागते आणि साऱ्या खव्याला करपट वास येतो. आच फार लवकर कमी केली, तर वेळ जातो, सरपण जळते आणि खवा ओला राहतो. ओल्या खव्याला लवकर बुरशी येते. शिवाय सगळा खवा एकाच तऱ्हेचा असून चालत नाही. गुलाबजामसाठी तो मऊ व ओलसर हवा, बर्फीसाठी घट्ट हवा आणि कलाकंदासाठी दाणेदार हवा. कढईतील दूध पुष्कळदा एका घरचे नसते. आसपासच्या अनेक गोठ्यांतून ते भट्टीवर आलेले असते. म्हणून एक कढई करपली, तर ते नुकसान अनेकांच्या कष्टांचे असते.

भट्टीवरचा जुना कारागीर मात्र सहसा चुकत नाही. त्याच्याजवळ मोजण्याचे कोणतेही साधन नसते. तो दुधाकडे पाहतो, त्याचा आवाज ऐकतो, मधूनच चिमटीत थोडा खवा घेऊन बोटांनी चोळून पाहतो आणि योग्य क्षणी भट्टीतील लाकूड मागे ओढतो. हे ज्ञान त्याला कोठून मिळाले? ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. पुष्कळ वर्षे भट्टीपुढे उभे राहून त्याच्या डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी ते साठवलेले असते.

समजा, एखादा तरुण अभियंता अशा भट्टीवर आला. दूध आपोआप ढवळील आणि आच आपोआप कमीजास्त करील, असे एक यंत्र करावे, हे त्याच्या मनात आहे. तो वही उघडतो आणि वृद्ध कारागिराला विचारतो,

"मामा, आच केव्हा कमी करायची?"

"दूध आळायला लागलं म्हणजे."

"आळायला लागलं हे ओळखायचं कसं?"

"बुडबुडे जड होतात, साहेब. आवाज बदलतो. उलथणं हाताला ओढ देतं."

"बरं, मग आच किती कमी करायची?"

"थोडी. एकदम नाही. बेतानं."

"म्हणजे किती अंशांवर ठेवायची?"

म्हातारा हसतो. "अंश काही मला कळत नाहीत. पण सांगतो, लिहून घ्या. खवा बराच घट्ट झाला अन् वाफ कमी झाली, तर आच मंद करा. थोडाच घट्ट असला अन् वाफ अजून बरीच असली, तर मध्यम राहू द्या. अन् रंगावर नजर ठेवा. तांबूस दिसायला लागला, तर उशीर झाला म्हणून समजा."

अभियंता वहीत पाहतो. तेथे एकही आकडा नाही. 'थोडी', 'बरीच', 'घट्ट', 'मंद', 'बेतानं' असे शब्द मात्र भरपूर आहेत. यंत्राला तर आकडे लागतात. तेव्हा या म्हाताऱ्याला नीट सांगता येत नाही, असे म्हणून त्याने वही मिटावी काय?

असे करण्यापूर्वी त्याने एक प्रयोग करून पाहिला, असे समजू. त्याने कढईत तापमापक धरला. दूध उकळू लागले आणि पारा शंभर अंशांच्या आसपास येऊन थांबला. अर्धे पाणी उडून गेले, तरी पारा जवळजवळ तेथेच. याचे कारण सोपे आहे. जोपर्यंत दुधात पुरेसे पाणी आहे, तोपर्यंत दिलेली बहुतेक उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तापमान फारसे वाढत नाही. कढईत तर केवढा बदल घडत असतो! पातळ दूध दाट होते, प्रथिने साकळतात, स्निग्धांश मोकळा होऊ लागतो, रटरटणारा आवाज खदखदीवर येतो आणि शेवटी सारा खवा कढईची कड सोडून गोळा होऊ लागतो. शेवटी शेवटी पाणी संपत आले की तापमान चढू लागते खरे, पण त्या वेळी खवा करपण्यास काही क्षणही पुरतात. म्हणजे अभियंत्याचा एकुलता एक आकडा जेथे मुका होता, तेथे म्हाताऱ्याचे शब्द बोलत होते.

आपल्या नित्याच्या भाषेतही असे शब्द किती तरी आहेत. स्नानाचे पाणी आपण गार, कोमट, ऊन किंवा कढत म्हणतो. आता कोमट पाणी कोठे संपते आणि ऊन पाणी कोठे सुरू होते? चाळीस अंशांवर एक रेघ ओढून तिच्या खाली कोमट व वर ऊन, असे ठरवले, तर एकोणचाळीस अंशांचे पाणी कोमट आणि एकेचाळीस अंशांचे पाणी ऊन ठरेल. हाताला मात्र त्या दोहोंत फारसा फरक जाणवणार नाही. कोमट पाणी हळूहळू ऊन होत जाते. मधल्या टप्प्यावर ते थोडे कोमटही असते आणि थोडे ऊनही असते.

नेमका हाच विचार एका विद्वानाने गणितात आणला. त्यांचे नाव लोत्फी झादे. त्यांचा जन्म १९२१ साली अझरबैजानमधील बाकू या शहरी झाला. त्यांचे बालपणानंतरचे शिक्षण इराणमध्ये झाले आणि पुढे अमेरिकेत जाऊन ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात प्राध्यापक झाले. १९६५ साली त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंतच्या गणितात एखादी वस्तू एखाद्या गटात असे किंवा नसे. होय म्हणजे १ आणि नाही म्हणजे ०. झादे यांनी असे सुचवले की, वस्तू गटात अंशतःही असू शकते आणि तो अंश ० व १ यांच्या मधील कोणत्याही संख्येने दाखवता येतो. चाळीस अंशांचे पाणी ०.५ इतके कोमट व ०.५ इतके ऊन म्हणावे. पंचेचाळीस अंशांचे पाणी ०.१ इतके कोमट व ०.९ इतके ऊन म्हणावे. ज्याच्या कडा स्पष्ट नाहीत, अशा वस्तूला इंग्रजीत 'फझी' म्हणतात. म्हणून या विचारपद्धतीस 'फझी लॉजिक' हे नाव पडले. मराठीत तिला 'धूसर तर्क' म्हणता येईल.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पाणी ०.५ इतके कोमट आहे, याचा अर्थ ते कोमट असण्याचा संभव निम्मा आहे, असा नव्हे. अर्धा पेला दूध समोर असताना 'पेला भरलेला असण्याचा संभव निम्मा आहे' असे कोणी म्हणत नाही. पेला अर्धा भरलेला आहे, हे डोळ्यांना दिसतेच. संभव आणि प्रमाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

झादे यांच्या कल्पनेची प्रथम अनेक विद्वानांनी उपेक्षा केली. शास्त्र हे काटेकोर असले पाहिजे, त्यात धूसरपणाला जागा कशी द्यावी, असे त्यांना वाटे. परंतु लंडनच्या क्वीन मेरी महाविद्यालयातील प्राध्यापक एब्राहिम ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी सेद्राक असिलियन यांनी ती कल्पना प्रत्यक्ष कामास लावून पाहिली. प्रयोगशाळेतील एका लहान वाफेच्या इंजिनाच्या बाष्पकातील दाब आणि त्याची गती काबूत ठेवायची होती. इंजिन चालवणारा माणूस ज्या भाषेत बोलेल, त्याच भाषेतील नियम त्यांनी यंत्राला दिले: दाब थोडा कमी असेल आणि तो हळूहळू वाढत असेल, तर उष्णता जराशीच वाढवावी, अशा प्रकारचे. १९७४ च्या सुमारास हा प्रयोग यशस्वी झाला. पुढे डेन्मार्कमध्ये सिमेंटच्या भट्ट्यांना ही रीत लागू करण्यात आली. १९८७ साली जपानमधील सेंडाई शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा गाडी सुटताना व थांबताना हिसका कमी बसावा, म्हणून तिच्या नियंत्रणात हीच पद्धत वापरली गेली. त्यानंतर जपानी कारखान्यांनी भात शिजवण्याच्या विजेच्या भांड्यांतही तिचा उपयोग केला. भारतात खरगपूरच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनी आंब्याची पेये आणि चहा यांच्या चवीची परीक्षा करण्यासाठी ती वापरली आहे. कारण चव पाहणारा माणूस आकडे सांगत नाही, तो 'बरा', 'चांगला', 'उत्तम' असेच सांगतो.

आता पुन्हा आपल्या भट्टीकडे येऊ. वहीतील म्हाताऱ्याचे दोन नियम यंत्रास कसे शिकवता येतील, ते पाहा.

पहिला नियम: खवा बराच घट्ट असेल आणि वाफ कमी असेल, तर आच मंद करावी.

दुसरा नियम: खवा थोडा घट्ट असेल आणि वाफ बरीच असेल, तर आच मध्यम ठेवावी.

खवा घट्ट झाला की ढवळणाऱ्या मोटारीला जोर जास्त लागतो. तो जोर मोजला, तर घट्टपणा कळतो. कढईवरील हवेतील दमटपणा मोजून वाफेचा अंदाज घेता येतो. समजा, एका क्षणी यंत्राने मोजले की, खवा ०.७ इतका 'बराच घट्ट' आणि ०.३ इतका 'थोडा घट्ट' आहे. वाफ ०.६ इतकी 'कमी' आणि ०.४ इतकी 'बरीच' आहे. प्रत्येक नियमात दोन अटी 'आणि' या शब्दाने जोडलेल्या आहेत. दोन्ही अटी एकदम पाळायच्या असल्यामुळे त्यांपैकी लहान संख्या घ्यायची. पहिल्या नियमात ०.७ व ०.६ यांपैकी लहान ०.६; म्हणून त्या नियमाचे वजन ०.६. दुसऱ्या नियमात ०.३ व ०.४ यांपैकी लहान ०.३, म्हणून त्याचे वजन ०.३.

सर्वांत मोठी आच १०० मानली, मंद आच २० व मध्यम आच ५० धरली, तर हिशेब असा होतो. ०.६ गुणिले २० म्हणजे १२. ०.३ गुणिले ५० म्हणजे १५. दोहोंची बेरीज २७. तिला वजनांच्या बेरजेने, म्हणजे ०.९ ने, भागले की उत्तर येते ३०. यंत्राने आच ३० वर ठेवावी. हा आकडा मंद आणि मध्यम यांच्या मधला, परंतु मंदाच्या बाजूला अधिक झुकलेला आहे. म्हातारा ज्याला 'बेतानं' म्हणत होता, तो बेत आता यंत्रालाही पाळता येईल. खवा आणखी घट्ट होत जाईल, तशी पहिल्या नियमाचे वजन वाढेल, दुसऱ्याचे घटेल आणि आच एकदम न पडता हळूहळू उतरत जाईल.

ही रीत सोपी असली, तरी तिच्यात काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य असे की, नियम चांगले असतील तरच यंत्र चांगले चालते. अर्धवट जाणणाऱ्याला विचारून नियम केले, तर यंत्र तीच चूक न थकता दररोज करील. दुसरे असे की, जाणत्या माणसालाही आपले सारे ज्ञान एका बैठकीत सांगता येत नाही. हात जे करतो, ते तोंडाला सांगायचे पुष्कळदा सुचतच नाही. म्हणून त्याच्याजवळ बसून, तो काम करीत असताना पाहावे लागते आणि पुन्हा पुन्हा विचारावे लागते. दोन कारागिरांची मते भिन्न पडली, तर दोघांचेही ऐकून, प्रत्यक्ष खवा करून, खरे काय ते ठरवावे लागते. म्हशीच्या दुधाचा खवा पांढरा होतो, गाईच्या दुधाचा पिवळसर. तेव्हा एकाचा रंगाविषयीचा नियम दुसऱ्यास लावून चालत नाही.

तिसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे. धूसरपणा कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हे ओळखले पाहिजे. आच किती ठेवावी, हा कौशल्याचा प्रश्न आहे. तेथे 'थोडे' आणि 'बरेच' शोभतात. परंतु खव्यातील पाणी वगळून जो भाग उरतो, त्यात निदान ३० टक्के दुधाचा स्निग्धांश असलाच पाहिजे, असा आपल्या देशात अन्नसुरक्षेचा नियम आहे. तेथे 'जवळजवळ तीस' असे म्हणून सुटका होत नाही. खव्यात पिठूळ पदार्थ मिसळला असेल, तर आयोडीनच्या थेंबाने तो निळा पडतो. अशा खव्याला 'थोडा शुद्ध' म्हणता येणार नाही. यंत्र आच सांभाळील. प्रामाणिकपणा माणसालाच सांभाळावा लागतो.

आज गावोगावची तरुण मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्या-सोलापूरकडे जातात. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या भट्टीपुढे आयुष्य घालवावे, असे त्यांना वाटत नाही आणि त्यात त्यांचा दोषही नाही. लाकडाचा जाळ कमी व्हावा, कष्ट हलके व्हावेत, म्हणून यंत्रे यायलाच हवीत. पण जाणता कारागीर थकून घरी बसला आणि त्याला कोणी काही विचारलेच नाही, तर त्याच्याबरोबर ते सारे ज्ञानही निघून जाईल. मग नव्या यंत्राला शिकवणार कोण?

म्हणून आपल्या गोष्टीतील अभियंत्याने वही मिटली नाही, हे बरे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे, दूध भट्टीवर येण्यापूर्वीच, तो पुन्हा तेथे जाऊन बसला आणि म्हणाला, "मामा, काल तुम्ही म्हणालात, आवाज बदलतो. तो बदलला की मला सांगा. मी ऐकतो."

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) भूम तालुक्यातील शेतकरी दुधाचा खवा का करू लागले?
(आ) एक कढई करपली, तर ते नुकसान अनेकांचे का असते?
(इ) खवा करताना केवळ तापमापकावर विसंबून का चालत नाही?
(ई) झादे यांनी गणितात कोणता नवा विचार आणला?

२. कारणे द्या.
(अ) ममदानी यांच्या प्रयोगाला महत्त्व आहे.
(आ) खव्यातील स्निग्धांशाचा नियम 'धूसर' ठेवता येत नाही.

३. हिशेब करा. एका क्षणी खवा ०.८ इतका बराच घट्ट व ०.२ इतका थोडा घट्ट आहे, वाफ ०.८ इतकी कमी व ०.२ इतकी बरीच आहे. पाठातील दोन नियम लावून आच कितीवर ठेवावी, ते काढा.

४. किंचित, बेताचे, थोडे, पुष्कळ, बरेच हे शब्द चढत्या क्रमाने लावा. तुमचा क्रम मित्राच्या क्रमाशी जुळतो का? न जुळल्यास दोघांनी आपापली कारणे सांगा.

५. 'आभाळाकडे डोळे लावून बसणे', 'बुडाला लागणे' आणि 'नजर ठेवणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.

६. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला भाकरी भाजणे, दही लावणे किंवा पापड लाटणे यांपैकी एका कामाविषयी पाच प्रश्न विचारा. मिळालेल्या उत्तरांतून 'जर... तर...' अशा स्वरूपाचे तीन नियम लिहा आणि ते त्यांना वाचून दाखवा.